वरच्या साहेबांचं लक्ष आपल्याकडे गेलं आणि पोटात गोळा आला: अशा वेळी काय करावं, क्रमाने

काम नीट चाललेलं असतं. सुपरवायझर ओळखतात, लाइनवरचे चौघे ओळखतात, बाकी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आणि एके दिवशी प्लांट हेड राउंडवर येतात, आपल्या मशीनपाशी थांबतात, ओळखपत्रावरचं नाव वाचतात, ‘कुठले तुम्ही, पेडण्याचे का?’ एवढंच विचारतात आणि पुढे जातात. त्या रात्री झोप लागत नाही. नाव का वाचलं? कुणी काही सांगितलं असेल का? नोकरी कायम होण्याचं कन्फर्मेशन अडकणार का?

गोव्यात वेर्णा, कुंडई, तुये या भागांतल्या कारखान्यांत आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ही अस्वस्थता मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. कामचुकार माणसाला ती फारशी होत नाही. जो मन लावून काम करतो, त्यालाच ती जास्त छळते. म्हणून हा लेख त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी.

माझं सांगणं एवढंच आहे की जिथे माहिती नसते तिथे माणूस अंदाज बांधतो. साहेब तुमच्याबद्दल बांधतात, तुम्ही साहेबांबद्दल बांधता, आणि धास्ती या अंदाजांवर पोसते. पुढे जे जे करायला सांगितलं आहे, ते दोन्हीकडचे अंदाज कमी करण्यासाठी आहे.

ही धास्ती येते कुठून

‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यात गोवा छोटा. नोकरी लागली की पहिला प्रश्न येतो, ‘कुणाच्या ओळखीने?’ बढती मिळाली की दुसरा येतो, ‘हा कुणाचा माणूस?’ सकाळी कंपनीत कुणी पाठ थोपटली तर संध्याकाळच्या बसमध्ये त्याची चर्चा असते आणि रात्री गावात.

आणखी एक कारण आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डिचोली, साखळी, सत्तरी या भागांतल्या कितीतरी घरांनी २०१२ साली, आणि सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केल्यावर पुन्हा २०१८ साली, खाणींवरचं चालतं उत्पन्न एकदम थांबताना पाहिलं. दारात ट्रक उभा आणि हप्ते चालू, असे दिवस ज्यांनी काढले, त्या घरातल्या मुलामुलींना नोकरी टिकवायची म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, असंच वाटत आलं. ही भीती पोकळ नाही. तिला अनुभव आहे. फक्त ती जिथे लागू पडत नाही तिथेही बरोबर येते.

पहिलं काम: घडलं ते आणि वाटलं ते वेगळं लिहा

हे मनातल्या मनात जमत नाही, कागदच लागतो. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे घडलेलं लिहा, तेही असं की तिथे कॅमेरा असता तर त्यात दिसलं असतं. उजवीकडे मनात आलेलं.

समजा, हाउसकीपिंगमधल्या एका मुलीचं पान आहे. डावीकडे: ‘सकाळच्या ब्रीफिंगमध्ये जीएमनी (जनरल मॅनेजरनी) माझं नाव घेतलं. पाहुण्यांनी लिहिलेली कमेंट वाचून दाखवली. किती वर्षं झाली इथे, असं विचारलं. मी दोन म्हटलं. ते गुड म्हणाले.’ उजवीकडे: ‘आता माझ्या खोल्या जास्त तपासणार. सुपरवायझर मॅडमना राग आला. मला दुसऱ्या प्रॉपर्टीला पाठवतील. पुढच्या वेळी चूक झाली तर सगळ्यांसमोर काढतील.’

डावी बाजू चार ओळींची आणि त्यात वाईट असं काहीच नाही. उजवी बाजू वाढतच जाते. आता उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: हे मला कशावरून कळलं? ‘मॅडमना राग आला’ हे कशावरून? त्या हसल्या नाहीत यावरून. त्या दिवशी दोन मुली रजेवर होत्या आणि चेकआउटची रांग लागली होती, हे त्याच पानावर लिहिलं की राग खरा की दगदग, हे उघडं राहतं. ते उघडं राहणंही पुष्कळ झालं. रात्री दोन वाजता जी गोष्ट पक्की ठरलेली वाटत होती, ती सकाळी ‘विचारून बघायची गोष्ट’ होते.

ज्या ओळींना काहीच आधार सापडत नाही त्या खोडा. ज्यांना आधार आहे त्या राहू द्या, त्यांच्यावर पुढे काम करायचं आहे.

साहेब नक्की किती बघतात

आपल्याला वाटतं तितके आपण लोकांच्या डोळ्यांत नसतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना घालायला संकोच वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी चेहरा ओळखला असेल? घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्यांनी तरी. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांनीच ओळखला होता.

कंपनीतही तसंच. साहेबांच्या डोक्यात त्या दिवशी डिस्पॅच असतो, येणारं ऑडिट असतं, त्यांच्याही वर बसलेला कुणीतरी असतो. तुमचा आवाज किंचित कापला, हे त्यांच्या लक्षातही राहत नाही. त्यांच्या लक्षात राहतात त्या गोष्टी माझ्या पाहण्यात अशा: विचारलेला आकडा मिळाला की नाही, सांगितलेल्या वेळेला काम झालं की नाही, आणि अडचण होण्याआधी कुणी सांगितली. या तिन्ही तुमच्या हातातल्या आहेत.

त्यांनी का पाहिलं असेल याची कारणंही मोजकीच असतात. नवे साहेब आले की सगळ्यांपाशी थांबतात. ऑडिट किंवा मोठा ग्राहक येणार असेल तर कोण नीट बोलू शकतं याचा अंदाज घेतात. टीम लीडरची जागा रिकामी होणार असेल तर माणसं हेरतात. तक्रार आली असेल तर प्रश्न कामाच्या एका ठराविक भागाबद्दल आणि पुन्हा पुन्हा येतात. प्रश्न कामाबद्दल होता की तुमच्या खासगी गोष्टींबद्दल, इतरांनाही विचारला की फक्त तुम्हाला, एवढं पाहिलं तरी बराचसा उलगडा होतो.

साहेब शेजारी उभे असताना

गोव्यातली एक गोष्ट मला नेहमी आठवते. जत्रेत, देवळासमोरच्या रंगमंचावर, रात्री उशिरा सुरू होणाऱ्या मराठी नाटकात जो गडी सगळ्या गावासमोर तासभर स्वगतं म्हणतो, तोच सोमवारी प्लांट हेडनी ‘रिजेक्शन किती?’, म्हणजे किती माल बाद झाला, असं विचारलं की गप्प होतो. धीर कमी असता तर तो रंगमंचावरही उभा राहिला नसता. नाटकाची महिनाभर तालीम झालेली असते आणि साहेबांच्या प्रश्नाची एकदाही झालेली नसते, एवढाच फरक.

मानसशास्त्रात याला आधार आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ साली मांडलं की कुणी बघत असलं की अंगवळणी पडलेलं काम अधिक चांगलं होतं आणि नवं, कच्चं काम बिघडतं. त्यातून दोन सूचना निघतात. कच्चं काम एकट्यात किंवा भरवशाच्या सहकाऱ्यापुढे पक्कं करा. आणि साहेबांपुढे जे बोलावं लागणार, त्याची खरोखर तालीम करा, आवाज काढून, घरी किंवा बाइकवर हेल्मेटच्या आत.

तालीम कशाची करायची? तीन भागांच्या उत्तराची: आत्ता काय चाललंय, कुठे अडलं होतं, पुढे काय. गोळ्यांच्या पॅकिंग लाइनवर ते असं होतं (क्यूए म्हणजे गुणवत्ता बघणारा विभाग):

‘काय, कशी चाललीय लाइन?’

‘सर, दुसरी बॅच चालू आहे. सकाळी फॉइलचं सीलिंग नीट होत नव्हतं, पाऊण तास गेला. क्यूएला कळवून तापमान सेट करून घेतलं, नोंद केलीय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बॅच संपेल.’

पंधरा-वीस सेकंदांचं बोलणं. यात बढाई नाही, रडगाणं नाही, आणि साहेबांना अंदाज बांधायला जागा उरली नाही. रोज शिफ्ट सुरू झाल्यावर त्या दिवसाचं हे उत्तर मनात तयार ठेवा. बहुतेक दिवस कुणी विचारणार नाही. तयार असल्याने हात मात्र शांत राहतो.

उत्तर येत नसेल तर: ‘सर, हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही. चार वाजेपर्यंत बघून सांगतो.’ आणि मग चारच्या आत सांगा, साहेबांना आठवण नसली तरी. अंदाजे आकडा कधीही फेकू नका. तो मीटिंगमध्ये जातो, तिथे चुकीचा ठरतो आणि त्यावर तुमचं नाव चिकटलेलं असतं.

हातातलं काम अर्धवट टाकून उभं राहायची आपल्याला सवय असते. औषध कंपनीत तर ते चूकच आहे, नोंद त्या त्या क्षणी व्हायला हवी. ‘सर, एक मिनिट, एवढी एंट्री पुरी करतो’ असं म्हणायला घाबरू नका. ज्याला काम कळतं, असा कुठलाही साहेब थांबतो. तो मिनिट तुम्हालाही मिळतो. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, असं चार-पाच वेळा. आणि काम नवं असेल तर आधीच सांगून टाका, ‘हे मी याच आठवड्यात शिकतोय’. म्हणजे कुठल्या अपेक्षेने बघायचं हे त्यांना कळतं.

इंग्रजीचं काय

आपल्यातल्या पुष्कळांची प्राथमिक शाळा मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी. एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत, वाचता येते, फॉर्म भरता येतो, पण समोर हैदराबादचे किंवा मुंबईचे साहेब उभे राहून भराभर विचारू लागले की जीभ जड होते. मग काम येत असूनही माणूस ‘येस सर’ एवढंच म्हणतो, आणि साहेबांना वाटतं याला काही सांगायचं नाही.

ज्या भाषेत तुम्ही अचूक बोलू शकता त्या भाषेत बोला. हिंदी चालते. तशीही तांत्रिक शब्दांची अर्धी भाषा इंग्रजीच असते: बॅच, सीलिंग, ब्रेकडाउन, चेकआउट, स्टॉक. आपल्याच कामाबद्दलची दहाएक वाक्यं इंग्रजीत लिहून काढा, शाळेत शिकवणाऱ्या एखाद्या भाचीकडून किंवा शेजाऱ्याकडून तपासून घ्या आणि पाठ करा. दहा वाक्यांत तुमचं बहुतेक संभाषण बसतं, कारण साहेब फिरून फिरून तेच विचारतात. ‘सॉरी सर, माय इंग्लिश’ असं सुरुवातीलाच म्हणायची सवय मात्र सोडा. त्यामुळे पुढचं चांगलं उत्तरही कमी वजनाने ऐकलं जातं.

वही ठेवा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

जे लिहिलं नाही ते झालंच नाही, हे औषध कंपनीत पहिल्या काही दिवसांतच शिकवतात. बॅच रेकॉर्डमध्ये आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, म्हणजे मूळ आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर लावायचा नाही, गिरवायचं नाही, संध्याकाळी बसून दिवसभराच्या नोंदी एकदम भरायच्या नाहीत. गोळ्यांसाठी हे सगळं काटेकोर करणारा माणूस स्वतःच्या कामाची एक ओळही कुठे लिहून ठेवत नाही. मग अप्रेझलच्या वेळी समोर बसल्यावर त्याला गेल्या महिन्यापलीकडचं काही आठवत नाही, आणि साहेबांना आठवतो तो एकच बिघाड.

साधी शंभर पानी वही घ्या. आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं. लिहायचं ते एवढं: या आठवड्यात काय पुरं केलं. कुठला बिघाड किंवा तक्रार हाताळली आणि किती वेळात. कुणाला काय शिकवलं किंवा कुणाकडून काय शिकलो. वरच्या कुणी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. शेवटची ओळ विसरू नका. पहिल्या पानावर रेघ मारून जे केलं, तेच हे, फक्त दर आठवड्याला. दोन-तीन महिन्यांनी मागची पानं चाळा. साहेब किती वेळा आले, त्यातून वाईट किती वेळा झालं, हे तुमच्याच अक्षरात समोर असतं. धास्तीवर मला यापेक्षा चांगला उतारा माहीत नाही.

एक पथ्य आहे. कंपनीची गुपितं वहीत नकोत. बॅच नंबर, फॉर्म्युला, पाहुण्यांची नावं आणि खोल्या, आतले फोटो, यातलं काही घरी नेऊ नका. ‘सीलिंगचा बिघाड, पाऊण तासात दुरुस्त’ एवढं पुरतं.

जवळच्या वरिष्ठाला त्याच दिवशी सांगा

मोठे साहेब तुमच्याशी बोलले, हे तुमच्या सुपरवायझरला तिसऱ्याकडून कळता कामा नये. तिथेही अंदाजच बांधले जातात: हा माझ्या डोक्यावरून बोलतो, हिला पुढे जायचंय. हे टाळायला दोन वाक्यं पुरतात. ‘मॅडम, आज सर माझ्याकडे थांबले होते. रिजेक्शनबद्दल विचारलं, मी सकाळच्या बिघाडाचं सांगितलं. तुम्हाला माहीत असावं म्हणून.’

चार-आठ दिवस गेले आणि तुमची बेचैनी कमी होत नसेल तर सरळ विचारा. वेळ बघून विचारा. शिफ्ट बदलताना, हँडओव्हर चालू असताना अजिबात नको. ‘दादा, दहा मिनिटं मिळतील का? माझ्या कामाबद्दल वर काही बोलणं झालंय का? काही सुधारायला हवं असेल तर आत्ता कळलं तर बरं.’ सोबत वही न्या. वरिष्ठ म्हणाले ‘तसं काही नाही, चांगलं चाललंय’, तर त्यावर विश्वास ठेवा आणि आणखी खोदू नका. त्यांनी काही सांगितलं तर तिथल्या तिथे सफाई देत बसू नका. लिहून घ्या, ‘महिन्याने परत बोलूया’ म्हणा, आणि महिन्याने खरंच जा.

कौतुक झालं तर

कौतुकाने अस्वस्थ होणारे लोक टीकेने अस्वस्थ होणाऱ्यांइतकेच असतात, निदान आपल्या भागात तरी. घरी आईला सांगावं तर ती म्हणते, ‘कुणाकडे बोलू नको, दृष्ट लागेल.’ कंपनीत आपण म्हणतो, ‘छे छे, माझं काही नाही, सगळ्यांनी केलं.’ हे नम्रपणे बोललेलं असतं, पण त्यातून साहेबांना काहीच कळत नाही आणि ज्या सहकाऱ्याने खरंच मदत केली त्याच्याही पदरात काही पडत नाही.

असं म्हणून बघा: ‘थँक्यू सर. सेटिंग मी केलं. बिघाड पहिल्यांदा रात्रपाळीच्या ऑपरेटरने पकडला, त्याने चिठ्ठी लिहून ठेवली होती म्हणून वेळ वाचला.’ तुमचं ते तुमचं राहिलं आणि त्याचं त्याला मिळालं. संध्याकाळच्या बसमध्ये हीच गोष्ट त्याच्या कानावर जाते, तेव्हा त्या बसमधलं तुमचं बसणं सोपं होतं.

बसमध्ये टोमणा येणारच. ‘काय रे, साहेबांचा माणूस झालास!’ यावर चिडू नका आणि खुलासेही देत बसू नका. ‘रिजेक्शनचं विचारत होते. तुझ्याकडे आले तर सकाळचा बिघाड सांग, तेच हवंय त्यांना.’ मिळालेली माहिती वाटून टाकली की संशयाला धरायला काही उरत नाही.

टोमण्यांपेक्षा अवघड वेळ दुसरीच. ओळख झाल्यावर कधीतरी साहेब हळूच विचारतात, ‘दुसऱ्या शिफ्टमध्ये कोण नीट काम करत नाही?’ इथे पाय घसरला की सावरता येत नाही. आज तुम्ही नाव सांगितलं तर उद्या तुमच्याकडून नावांचीच अपेक्षा राहते, कामाची नाही. उत्तर अडचणीचं द्या, माणसाचं नको: ‘सर, नावं मी सांगणं बरं नाही. पण दुसऱ्या शिफ्टला पॅकिंगला एक माणूस कमी पडतो, त्यामुळे लाइन थांबते. ते बघितलं तर फरक पडेल.’ मोठ्या प्लांटमध्ये सगळ्यांचा विश्वास राखून असलेले जे जुने लोक असतात, ते नेमकं हेच करत आलेले दिसतील. सुरक्षिततेची गोष्ट मात्र वेगळी. कुणाच्या जिवाला धोका होईल असं काही दिसलं तर नावानिशी, लगेच आणि लेखी सांगा.

जादा काम अंगावर आलं तर

नजरेत आलेल्या माणसाकडे कामं वळतात. हॉटेलात तर ऑक्टोबरपासून सीझन सुरू झाला की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. त्यात ‘तू चांगलं करतेस म्हणून हेही बघ’ असं सुरू होतं.

हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे कधीपर्यंत करायचं? यासाठी माझ्याकडचं कुठलं काम कमी होणार? हे तात्पुरतं आहे की पद बदलतंय, आणि बदलत असेल तर पत्र कधी मिळणार? शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो. तरी विचारा. बिनपत्राची ‘ॲक्टिंग’ जबाबदारी वर्षभर ओढणारे लोक मी पाहिले आहेत. चूक झाली की जबाबदार ते, आणि पगार जुनाच.

नको असेल तर नाहीही म्हणता येतं. घरी कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे, म्हातारे आईवडील आहेत, रात्रपाळी झेपत नाही, ही पूर्ण कारणं आहेत. ‘सर, विचार केल्याबद्दल आभारी आहे. सध्या घरच्या जबाबदारीमुळे सुपरवायझरचं काम मी नीट करू शकणार नाही. नव्या मुलांना मशीन शिकवायचं असेल तर ते मी आनंदाने करीन.’ ज्याला आपलं मशीन चांगलं चालवण्यातच समाधान आहे, त्याने ते लाजून सांगू नये.

नजर नाराजीची असेल तर

मेमो किंवा कारणे दाखवा नोटीस हातात आली तर ती घ्या. नाकारून काही साधत नाही. ‘मिळाले’ असं लिहून तारखेसह सही करा, कारण घेणं म्हणजे कबूल करणं नव्हे. घरी जाऊन शांतपणे वाचा, झेरॉक्स काढा आणि दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, त्यात फक्त घडलेलं. पहिल्या दिवशीचं रेघ मारलेलं पान इथे उपयोगी येतं, त्यातली डावी बाजू तशीच्या तशी उत्तरात जाते.

रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. कोऱ्या कागदावर किंवा आधीच टाइप करून आणलेल्या राजीनाम्यावर केबिनमध्ये बसून सही करू नका. ‘घरी विचारून उद्या सांगतो’ म्हणा आणि उठा. युनियन असेल तर त्यांच्याशी बोला. नसेल तर पणजीत पाटो इथे श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे कागद घेऊन जाता येतं.

नजर वाईट असेल तर

वर सांगितलेलं कामाच्या नजरेबद्दल. पण बाईमाणसाची अस्वस्थता कधी कधी वेगळं सांगत असते आणि तिने ती ‘माझाच भित्रेपणा’ म्हणून दाबू नये. कारण नसताना रात्री मेसेज, केबिनमध्ये एकटीला बोलावणं, कपड्यांवर किंवा दिसण्यावर बोलणं, बढतीच्या बदल्यात काही सुचवणं, हे कौतुक नव्हे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तिची अध्यक्ष महिला असावी लागते. कंत्राटी, रोजंदारीच्या, ट्रेनी मुलींनाही हा कायदा लागू आहे. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. समितीच नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. आणि घरातल्या किंवा कामावरच्या एका तरी माणसाला त्याच दिवशी सांगा, तारीख आठवायला पुढे तीच मदत होते.

तरीही झोप येत नसेल तर

हे सगळं महिना-दीड महिना करूनही ड्यूटीला निघताना छातीत धडधडतं, उलटी होते, सुट्टीच्या दिवशीही तेच विचार येतात, साहेब दिसू नयेत म्हणून रजा टाकल्या जातात, तर हा आता कंपनीपुरता प्रश्न राहिलेला नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, दिवसरात्र चालतो. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथे ओपीडी आहे. नाव कळेल, गावात बोलतील, ही भीती मी समजू शकतो. पण तिथल्या रांगेत शिक्षक असतात, पोलीस असतात, हॉटेलवाले असतात, आणि तुमच्या कंपनीला तुम्ही सांगितल्याशिवाय काही कळत नाही.

जाताना वहीतली गेल्या काही आठवड्यांची पानं घेऊन जा. किती दिवस झोप नाही, कुठल्या वेळी धडधड होते, जेवण जातं का, चहा-कॉफी किती, संध्याकाळी दारू घेता का, हे आधीच एका कागदावर लिहा. डॉक्टरांपुढेही जीभ अडखळतेच, तेव्हा तो कागद त्यांच्या हातात द्या. रात्रपाळी असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, गोळीची वेळ त्यावरून ठरवावी लागते.